एका बैलाच्या तेवीस फेऱ्या

एक बैल म्हणजे शून्य बैल. ज्यांनी शेती केली नाही त्यांना हे गणित चुकीचं वाटेल, पण गावच्या दूध संस्थेच्या वह्या मी सव्वीस वर्षं लिहिल्या आहेत आणि हे गणित मी तपासून पाहिलेलं आहे. एका बैलावर नांगर चालत नाही, कुळवाची पाळी घालता येत नाही, पेरणी होत नाही. तो नुसता खातो. शेजारी दुसऱ्याचा एक बैल येऊन उभा राहिला, की शून्य अधिक शून्य बरोबर एक जोडी होते.

माझ्याकडे एक पांढरा बैल होता आणि माझ्या साडूकडे एक तांबडा. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माझी थोरली. रानाला रान लागून, मध्ये एक बांध. दोघांचे बैल एकत्र जुंपायचे, तीन दिवस त्याच्या रानात, तीन दिवस माझ्या. याला सावड म्हणतात. संस्थेला छापील पोटनियम असतात, सावडीला कागदाचा चिटोराही नसतो. आमच्या गावात तिचा एकच नियम मी पाहत आलो: पोळ्याच्या दिवशी जे दोन बैल शेजारी उभे राहतील ती वर्षभराची जोडी. पोळा झाल्यावर सावड कोणी मोडत नाही. मोडायची असेल तर आधी बोलायचं.

त्या वर्षी साडू चोवीस दिवस आधी बोलला.

आमचं गाव आष्टीपासून अकरा किलोमीटरवर. मृगही गेला, आर्द्राही गेली, आणि उन्हाळ्यात उघडलेली चारा छावणी श्रावण लागला तरी बंद होईना. ती आमची दूध संस्थाच चालवत होती. मी संस्थेचा सेक्रेटरी, म्हणून छावणीचं रजिस्टरही माझ्याकडे. मोठी जनावरं तीनशे अडतीस, लहान एकाहत्तर. रोज सकाळी मी दावणीच्या कडेने जात शिंगं मोजायचो आणि परत येताना शेपट्या. दोन्ही आकडे जुळले तरच सही.

माझा बैल सतराव्या दावणीला होता. दिवसातून दोनदा त्याला वेसणीला धरून हौदावर न्यायचो. हौद दोनशे दहा पावलांवर. त्या दिवशी साडू त्याच्या तांबड्याला पाणी पाजून हौदाच्या कठड्यावर बसला होता. मी येताना त्याने डोळे बारीक केले.

"साडू, तुझा बैल पाय धरतोय बे."

"कोणता?"

"बैल? तुझ्याकडं हायत किती?"

"पाय कोणता, ते विचारतोय."

"पुढचा डावा. आन् मुंडी बघ की. दर दुसऱ्या पावलाला खाली जाती. महिन्यापासनं बघतोय मी."

मी बैलाकडे पाहिलं. बैल पाणी पीत होता, आणि पाणी पिणाऱ्या बैलाची मुंडी खालीच असते. तसं मी म्हणालो.

"तू चालताना कुठं बघतो त्याच्याकडं? तू पावलं मोजत असतो," साडू म्हणाला. मग हौदातल्या पाण्याशी बोलल्यासारखा बोलला, "वरल्या आळीतल्याचा काळा बैल एकटा पडलाय. इचारत व्हता मला. पोळ्याला सांगतो म्हणलं."

साडू वाईट माणूस नाही. लंगड्या बैलाबरोबर जुंपला तर त्याच्या तांबड्याच्या खांद्यावर सगळा भार येणार, हे मलाही कळत होतं. पण गावात एकटा पडलेला बैल तेवढा एकच होता. तो साडूकडे गेला, तर माझ्या रानात रब्बीची ज्वारी पेरायला माझ्याकडे उरणार शून्य. ट्रॅक्टर माझ्या रानात जात नाही. वाटेत ओढा आहे, आणि ओढ्यावर पूल व्हावा म्हणून मी अकरा अर्ज केलेले आहेत.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती.

"बैल लंगडत न्हाई," ती म्हणाली.

"तू बघितलास?"

"मी बघितलेलं सांगितलं तर तुमाला पटत न्हाई. तुमचं तुमी मोजा."

मोजायची सोय तीन दिवसांत आपोआप झाली. संस्थेचे चेअरमन एका मॅडमना घेऊन छावणीत आले. मॅडम म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. एका इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करत होती. जनावरं कशी चालतात ते मोजायचं आणि तसं चालणारं चार पायांचं यंत्र बनवायचं, असा तिचा विषय. यंत्र फरशीवर झकास चालत होतं, सिमेंटवर चालत होतं, पण ढेकळांत घातलं की तोंडावर पडायचं. म्हणजे पडलं असतं, तोंड असतं तर. तिला ढेकळांतून चालणारी जनावरं हवी होती, आणि चारशे जनावरं एका जागी कुठे मिळतात याचा शोध घेत ती आमच्या दुष्काळापाशी पोहोचली होती.

यंत्र तिने टेंपोतून उतरवलं. वजन एकवीस किलो. ते मी संस्थेच्या काट्यावर करून घेतलं. उंची शेळीएवढी, मुंडी नाही, शेपूट नाही. सगळी छावणी गोळा झाली.

"खातं काय हे?" चेअरमननी विचारलं.

"बॅटरीवर चालतं."

"शेण?"

"नाही."

"मग ठिवा. सेक्रेटरी, घ्या लिहून."

मी लिहून घेतलं नाही. रजिस्टरात मोठं जनावर आणि लहान जनावर असे दोनच रकाने होते. ज्याला शिंगं नाहीत आणि शेपूटही नाही, त्याची माझ्या पद्धतीने नोंद दोन्ही वेळा शून्यच आली असती. यंत्र संस्थेच्या खोलीत दुधाच्या कॅनांशेजारी ठेवलं.

मॅडमची पद्धत अशी. दहा मीटर लांब आणि एक मीटर रुंद पट्टी कुदळून भुसभुशीत करायची. दोन्ही बाजूंना तिकाटण्यावर कॅमेरे. जनावराच्या खांद्यावर, कोपरावर, गुडघ्यावर आणि खुरावर चमकणाऱ्या टिकल्या चिकटवायच्या आणि त्याला पट्टीवरून चालवायचं. मग कॉम्प्युटर टिकल्या बघून सांगतो, कोणता पाय किती वेळ टेकला, किती उचलला. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की पट्टी मी स्वतःच कुदळली. लांबी टेपने तीनदा तपासली.

पहिला बैल माझा. मी मॅडमला खरं कारण सांगून टाकलं, कारण लपवून मोजलेल्या गोष्टीला अर्थ नसतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मला प्रत्येक जनावराच्या तीनच फेऱ्या पुरतात."

"तीन मोजमापांवर कुणाच्या वर्षाचा निकाल लावू नये," मी म्हणालो.

टिकल्यांचं काही जमलं नाही. बैल टिकल्या लावून दावणीला उभा केला की शेजारची म्हैस त्या चाटून काढायची. पहिल्या दिवशी बत्तीस टिकल्या लावल्या, परत मिळाल्या नऊ. उरलेल्यांचं काय झालं ते मी दोन दिवस शेणात शोधलं. चौदा सापडल्या, नऊ हिशोबाबाहेर राहिल्या. मग मी सुचवलं की ठिपके रंगाने काढू. गडद जनावराला चुन्याचे, आणि माझा बैल पांढरा म्हणून त्याला गाड्याच्या वंगणाचे. हे मॅडमला पटलं. त्या दिवशी आम्ही सहा जनावरांना ठिपके दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजदाद करताना ठिपक्यांची जनावरं निघाली त्र्याऐंशी. ठिपकेवाल्या जनावराला जास्तीची पेंड मिळणार, अशी बातमी कोणीतरी उठवली होती. कोणी चार ठिपके काढले होते, कोणी चाळीस. एका म्हशीला कपाळापासून शेपटीपर्यंत रांगोळीसारखे काढले होते आणि खाली मालकाचं आडनावही टाकलं होतं. मॅडमनी एक बैल कॅमेऱ्यासमोरून नेला, तर कॉम्प्युटरने सांगितलं की या प्राण्याला एकोणीस गुडघे आहेत. तो दिवस सगळा जनावरं धुण्यात गेला, आणि तेही दुष्काळात. चेअरमननी एक पाटी लिहून लावली: "ठिपक्याने पेंड वाढत नाही."

माझ्या बैलाच्या फेऱ्या मात्र नीट चालल्या होत्या. मी वेसण आखूड धरायचो, तोंडापाशी, म्हणजे बैल पट्टी सोडून एक वीतही इकडेतिकडे जाऊ नये. पट्टीवरून सरळ जायचं, वळायचं, पुन्हा यायचं. पाच फेऱ्या झाल्यावर मॅडमनी मला बोलावलं. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक वर, एक जरा खाली.

"काका, डावा पुढचा पाय कमी वेळ टेकतोय. उजव्यापेक्षा शंभरात अकराने कमी. मुंडीही हलतेय."

"अकरा बरंच झालं का?"

"दोन-तीन असलं तर मी काही म्हणाले नसते."

मी आणखी पाच फेऱ्या केल्या. अकरा. जेवून आल्यावर आणखी सहा केल्या. अकरा. सरासरी खाली येईल या आशेने दुसऱ्या दिवशी सात केल्या. एकूण तेवीस. साडेदहाच्या खाली आकडा आला नाही, आणि साडेअकराच्या वर गेला नाही. माझा बैल लंगडत होता, पण इतक्या काटेकोरपणे लंगडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

साडूने विचारलं तेव्हा मी आकडा सांगितला. बायकोने नंतर विचारलं, कावून सांगितला, तो काय कॉम्प्युटर बघायला येणार होता? पण विचारलं तर सांगावंच लागतं.

"अकरा," साडू म्हणाला. "म्हंजे मी डोळ्यानं बघितलं तेच."

"तू अकरा बघितलं नव्हतंस."

"मी लंगडा बघितलता. तुझ्या मशिनीनं त्याला नंबर दिला, एवढंच."

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी बैलाचा डावा पाय उचलून घेतला, खूर खरवडला, नडगी दाबली, खांदा चाचपला. बैलाने त्यांच्या टोपीचा वास घेतला. डॉक्टर म्हणाले, पायाला काहीही झालेलं नाही. मी ते साडूला कळवलं.

"डॉक्टरनं उभा बैल बघितला," साडू म्हणाला. "मला चालता पायजे."

मी रोज सकाळी हळद आणि तेल कोमट करून त्या पायाला लावू लागलो. चार दिवसांत बैलाला त्याची इतकी गोडी लागली की मला लांबून पाहिलं तरी तो डावा पाय पुढे करून उभा राहायचा. मला वाटलं, बघा, दुखत असणार. पाचव्या दिवशी शेजारची म्हैसही पाय पुढे करू लागली, तेव्हा मी हे बंद केलं.

पोळा पाच दिवसांवर आला. मॅडमकडे एकोणतीस जनावरांच्या फेऱ्या झाल्या होत्या, पण सगळ्यांत जास्त फेऱ्या माझ्या बैलाच्या होत्या आणि सगळ्यांत सरळही त्याच्याच होत्या. तेव्हा पहिल्यांदा यंत्रात तिने त्याचीच चाल घातली. कुदळलेल्या पट्टीवर यंत्र ठेवलं. छावणीतली माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहिली. साडू हाताची घडी घालून पुढे होता. चेअरमन खुर्ची घेऊन आले होते. एक म्हातारी आजी होती, तिची एकच म्हैस छावणीत होती आणि ती दिवसभर त्या म्हशीजवळ पोत्यावर बसायची. तीही पोतं घेऊन पुढे येऊन बसली.

मॅडमनी बटण दाबलं. यंत्र उठलं. एक पाय, दुसरा पाय, ढेकळात रुतला, निघाला. पडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या चेहऱ्यावर छावणीत आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. मग यंत्र जरा पुढे गेलं आणि दिसायला लागलं की ते चालतंय खरं, पण दर दुसऱ्या पावलाला त्याचा पुढचा डावा खांदा खाली झुकतोय आणि मग घाईघाईने वर येतोय.

"बैलासारखंच लंगडतंय," साडू म्हणाला.

"बैलावानी न्हाई," आजी पोत्यावरून म्हणाली. "हे सेक्रेटरीवानी चालतंय."

यंत्र पट्टीच्या टोकाला गेलं आणि थांबलं.

"आजी, काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"अगं, ह्येच की. त्यो असाच चालतो. एक पाय टाकतो, मग कायतरी इसरल्यावानी खाली वाकतो, मग पुन्ना टाकतो. मला वाटायचं बैल लंगडतोय म्हणून ह्यो त्याच्या मापानं चालतोय. जीव असतो एकेकाचा जनावरावर."

"सेक्रेटरी," चेअरमन म्हणाले, "जरा चालून दावा बरं."

मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढताना माझा डावा घोटा मुरगळला होता, पण तो एकोणीस दिवसांत बरा झाला, त्याची मी नोंद ठेवली होती. विसाव्या दिवसापासून दुखल्याची एकही नोंद नव्हती.

"तुमी लिहायचं बंद केलं," बायको मागून म्हणाली. ती कधी आली होती मला माहीत नव्हतं. "दुखायचं न्हाई."

"तू बोलली नाहीस."

"मी चार बार बोलले. तुमी म्हणला एकोणीस दिस."

मग मला चालावं लागलं. मॅडमनी यंत्र पुन्हा पट्टीच्या सुरुवातीला ठेवलं आणि मी शेजारी उभा राहिलो. दोघं एकदम निघालो. मी मुद्दाम नीट चालायचा प्रयत्न केला, आणि त्यानेच बहुधा जास्त बिघडलं. लोक हसले नाहीत, हे मला आठवतं. ते इतकं मन लावून पाहत होते की हसायचं राहून गेलं. चेअरमन खुर्चीतून उठून बाजूने वाकून पाहत होते. टोकाला पोहोचलो तेव्हा साडू म्हणाला, "बरोबरी झाली."

मॅडमनी मला पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायला लावला. कंबर, गुडघा, घोटा, अंगठा, असे चुन्याचे ठिपके दिले आणि मलाही कॅमेऱ्यासमोरून तीन फेऱ्या करायला लावल्या. मी जास्त मागितल्या नाहीत. आकडा आला शंभरात बारा. म्हणजे मी बारा लंगडत होतो आणि बैल अकरा. एक टक्का त्याने मला माफ केला होता.

कारण तिने समजावून सांगितलं ते असं. मी वेसण आखूड धरतो. माझा डावा पाय कच खातो तसा माझा हात खाली जातो, हाताबरोबर वेसण, वेसणीबरोबर बैलाची मुंडी. मुंडी खाली ओढली गेली की बैलाचं वजन पुढे सरकतं आणि तो पुढचा डावा पाय घाईने उचलतो. दिवसातून दोनदा हौदापर्यंत आणि परत. एरवी आम्ही औत हाकतो मागून, लांब कासऱ्याने, तिथे हे झालं नसतं. पण पाऊसच नव्हता, वर्षभर औत कोणी धरलं नव्हतं, म्हणून बैलाची खरी चाल कोणी पाहिलीच नव्हती. सगळ्यांनी पाहिली होती ती माझी.

"म्हणजे काका," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा बारीक झाला, "तुमच्या तेवीसही फेऱ्या बाद."

"बाकीच्यांच्या?"

"त्यांच्याही मालकांनीच वेसण धरली होती."

एकोणतीस जनावरं, आणि एकाचीही चाल त्याची स्वतःची नाही. मला फार अपराधी वाटलं. छावणीतल्या सगळ्यांना मी पुन्हा रांगेत लावतो, मागून हाकायला लावतो, असं तिला सांगितलं, आणि पुढच्या चार दिवसांत ते केलं. ती सगळी जनावरं झाली. हे फक्त नोंद म्हणून लिहितो.

पण माझ्या बैलाचा निकाल बाकी होता. बायकोने वेसण धरली. तिने ती सैल धरली, चालता चालता आजीशी बोलत होती, आणि बैल पट्टीवरून एका बाजूला वीतभर सरकलाही. मला राहवत नव्हतं. आकडा आला एक.

"एक म्हणजे काही नाही," मॅडम म्हणाल्या. "एवढा फरक सगळ्यांत असतो."

मी साडूकडे पाहिलं.

"अक्कानं धरला म्हणून नीट चालला," साडू म्हणाला. "अक्काच्या हाताखाली कोणबी नीट चालतं. तुलाच बघ की, घरात कुठं लंगडतो तू?"

"मग सोडून बघा," बायको म्हणाली. "कुणीच धरू नका."

बैल मोकळा सोडला. तो जागेवर उभा राहिला. आम्ही सगळे बाजूला झालो, कोणी हाकलं नाही, कोणी बोललं नाही. मी घड्याळ लावलं. सतरा मिनिटं बैल उभा होता. त्यात त्याने दोनदा रवंथ थांबवून पुन्हा सुरू केला आणि एकदा सवयीने डावा पाय पुढे केला.

"हा उभाच चांगला," साडू म्हणाला.

"साडू, तू हाक की," मी म्हणालो. "तुझा विश्वास ज्याच्यावर आहे त्याने हाकावा."

साडूने कासरा घेतला. मागे गेला, जीभ टाळूला लावून आवाज केला, आणि बैल निघाला. ढेकळांतून सरळ, मान स्थिर. साडू पट्टीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथे न थांबता तसाच पुढे चालत राहिला, हौदाच्या बाजूला, कॅमेऱ्यांच्या पार बाहेर. वळून परत आला तेव्हा त्याने कासरा माझ्याकडे दिला नाही, बायकोकडे दिला.

"आता?" मी विचारलं.

"पोळ्याला बघू," साडू म्हणाला आणि तांबड्याला पाणी दाखवायला निघून गेला.

ते चार दिवस मी फार वाईट काढले. साडू हौदावर भेटायचा आणि आभाळाबद्दल बोलायचा. वरल्या आळीतला शेतकरीही हौदावर यायचा आणि त्याच आभाळाबद्दल बोलायचा. बैल लंगडत नाही हे सिद्ध झालं होतं, पण साडूने शब्द दिला असेल तर सिद्ध होऊन काय उपयोग? संस्थेच्या सभेत एकदा ठराव मंजूर झाल्यावर मी स्वतःच कुणाला फिरवू दिलेला नाही.

पोळा छावणीतच करायचं ठरलं. पाणी नव्हतं म्हणून बैल धुतले नाहीत, ओल्या फडक्याने पुसले. पाच दावणींना मिळून एक रंगाचा डबा. चेअरमनच्या घरून पुरणपोळ्या आल्या, बैलाला अर्धी अर्धी. बाहेरच्या दोन बांबूंना तोरण बांधलं. त्यांच्याखालून जोड्या काढायच्या होत्या.

मी माझ्या पांढऱ्याला आणलं नाही. बायकोने आणलं, सैल धरून. मी तिच्यामागून, अंतर ठेवून. तोरणापाशी वरल्या आळीतल्याचा काळा बैल आधीच उभा होता, शिंगांना बेगड लावलेला, उजवी बाजू मोकळी ठेवून. माझा पांढरा त्याच्यापासून दहा-बारा हातांवर उभा राहिला. त्याचीही उजवी बाजू मोकळी. मग साडू तांबड्याला घेऊन आला आणि दोघांच्या मधोमध थांबला.

साडू थांबला तो तंबाखू मळायला. मी मोजणार नव्हतो, पण मोजलं. त्याने अंगठा हातावर एकतीस वेळा फिरवला. वरल्या आळीतला त्याच्याकडे पाहत होता. माझी मेव्हणी, म्हणजे साडूची बायको, पुरणाचं ताट धरून उभी होती. तिने माझ्या बायकोकडे पाहिलं, माझ्या बायकोने तिच्याकडे पाहिलं, आणि मग दोघींनी एकदम साडूकडे पाहिलं. साडूने तंबाखू तोंडात टाकली.

"चल," तो तांबड्याला म्हणाला, आणि त्याला आणून माझ्या बैलाच्या उजव्या बाजूला उभं केलं.

मी म्हणालो, "साडू."

"बैल घेतला सावडीत," तो म्हणाला. "तुला न्हाई घेतला. तुझं येगळं."

"म्हणजे?"

"म्हंजे कासरा मी धरणार, न्हाई तर अक्का. तू मागं. आठ हात मागं. जनावरं नक्कल करत्यात."

"बैल मागचं बघत नाही."

"आठ हात," साडू म्हणाला.

वरल्या आळीतल्याला शेजारच्या गावात एक बैल मिळाला, पाहुण्यांकडे. त्याला तो दोन कोस चालत न्यावा लागायचा, पण त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती, निदान माझ्याकडे.

परतीचा पाऊस थोडा झाला. रब्बीची ज्वारी पेरली, माझी एक एकर बत्तीस गुंठे, साडूची दोन एकर चार. साडू पाभर धरायचा, बायको दाणे सोडायची, आणि मी आठ हात मागे चालायचो. आठ हातांवरून करण्यासारखं फार काही नसतं. मी पाभरीच्या ओळी मोजायचो. कधी वळणावर चुकून अंतर सात झालं की साडू मागे न बघता म्हणायचा, "लई जवळ आला."

घोट्याचं मात्र मी मनावर घेतलं. माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा आखडलाय, रोज व्यायाम करा, मोजून करा. मोजून करा हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. सात महिने मी सकाळी पायरीवर उभा राहून टाच वर-खाली केली, रोज साठ वेळा. पुढच्या उन्हाळ्यात मॅडम तिची राहिलेली उपकरणं न्यायला आली तेव्हा तिने मला ठिपके देऊन पुन्हा मोजलं. आकडा दोनवर आला होता. तिने तो कागदावर छापून दिला.

तो कागद घेऊन मी साडूच्या अंगणात गेलो. साडू खाटेवर बसला होता. कागद त्याने उलटा धरला, मग सुलटा धरला.

"हे काय?"

"दोन. आता मला कासरा धरायला हरकत नाही."

"कागद दावू नको," साडू म्हणाला. "चालून दाव."

मी अंगणातून पेंढीच्या गंजीपर्यंत गेलो आणि परत आलो.

"आनखी एकदा. जरा जोरात."

मी पुन्हा गेलो. साडू खाटेवरून उतरला, माझ्या मागून चालला, मग बाजूने चालला, वाकून माझ्या पायांकडे बघत. मध्येच थांबवून त्याने माझा घोटा दाबून पाहिला. आवाज ऐकून मेव्हणी दारात आली, परातीतलं पीठ हातात तसंच. थोडा वेळ तिने हे सगळं पाहिलं.

"दात बघितले का?" ती नवऱ्याला म्हणाली.

साडूने माझ्या तोंडाकडे हात नेला. मी तोंड उघडलं नाही. पण कासरा त्याने दिला.